शाळेत रस्ता सुरक्षा शिकवताना वर्गात काय, मैदानावर काय आणि रस्त्यावर काय?

पायवाट (धागाकर्ता)

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे. तरीही बहुतेक शाळांत हा विषय वर्षातून एक आठवडा येतो आणि जातो. चित्रकला स्पर्धा होते, घोषवाक्ये होतात, पाहुण्यांचे भाषण होते. मुलांना सिग्नलचे रंग पाठ असतात, 'झेब्रा क्रॉसिंगवरूनच रस्ता ओलांडावा' हे उत्तर पूर्ण गुण मिळवते आणि शाळा सुटल्यावर तीच मुले दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून पळत सुटतात.

कारण साधे आहे. रस्ता ओलांडणे हे हातापायांचे आणि डोळ्यांचे कौशल्य आहे. पोहणे फळ्यावर शिकवता येत नाही, तसेच हे. कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये पादचारी शिक्षणावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला होता. मुलांचे ज्ञान वाढते, वागण्यातही फरक पडू शकतो, असे त्यात दिसले. पण दुखापती कमी झाल्या का, हे मोजलेली एकही चाचणी त्यांना सापडली नाही. म्हणून तास घेण्यापूर्वी ठरवायचे ते एवढेच, की या तासानंतर मूल कोणती गोष्ट वेगळी करेल?

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी सगळ्यात नीट बांधलेली पद्धत ग्लासगोमध्ये १९९० च्या दशकात तयार झाली. तिच्यात तीनच कौशल्ये आहेत. ओलांडण्याची सुरक्षित जागा निवडणे, उभ्या वाहनांच्या मधून ओलांडणे आणि तिठ्या-चौकाजवळ ओलांडणे. प्रशिक्षण पालक स्वयंसेवक देतात, खऱ्या रस्त्याच्या कडेला, एका मोठ्या माणसामागे दोन किंवा तीन मुले. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. त्याहून लांबवले की लक्ष उडते, आणि रस्त्याच्या कडेला लक्ष उडालेले मूल नको.

त्यातला उभ्या वाहनांचा भाग सविस्तर लिहितो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

उभ्या वाहनांतून ओलांडू नये हे पहिले. पण दोन्ही कडांना गाड्याच असतील तर मुलाला काहीतरी पद्धत हवी. फट अशी निवडायची की समोरच्या बाजूलाही तशीच फट असेल, नाहीतर मूल पलीकडे पोचून रस्त्यातच अडकते. फट इतकी मोठी नको की तिच्यात एखादी गाडी शिरून उभी राहील. मग दोन्ही गाड्यांकडे बघायचे. आत चालक आहे का, दिवे लागलेत का, इंजिनाचा आवाज आहे का. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आवाज फारसा येत नाही, म्हणून केवळ कानावर भरवसा ठेवायला शिकवू नका. फुटपाथच्या कडेला एकदा थांबायचे. मग गाडीच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन दुसऱ्यांदा थांबायचे. खरे बघणे इथून सुरू होते, कारण फुटपाथवरून मुलाला काही दिसतच नव्हते. रस्ता मोकळा झाला की सरळ, चालत, बघत बघत पलीकडे.

हे आधी मैदानावर दोन गाड्या उभ्या करून घ्यावे. हँडब्रेक ओढलेला, किल्ल्या शिक्षकांच्या खिशात. कोपऱ्यांना जोडणारी खडूची रेघ मारावी. मुले हमखास पाय रेघेच्या आत ठेवतात आणि मान व खांदे बाहेर काढतात. रेघ पायांसाठी नाही, नाकासाठी आहे असे सांगितले की लगेच समजते.

---

कडेचा_दगड

उत्तम सुरुवात. एक भर घालतो.

'उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे' हा मंत्र (जिथे वाहने डाव्या बाजूने चालतात तिथला) मुलांच्या तोंडी पक्का बसतो आणि त्याचा विधी होतो. मान फिरते, डोळे काही टिपत नाहीत. मान एका सेकंदात तीनदा हलवून मूल रस्त्यात उतरते.

यावर उपाय म्हणजे मुलाला मोठ्याने बोलायला लावणे. 'या बाजूने निळी गाडी येतेय, लांब आहे, जवळ येतेय, गेली. त्या बाजूला सायकल, वळली. आता काही नाही.' सुरुवातीला हे रटाळ वाटते, पण मुलाने काय पाहिले आणि काय सुटले हे शिक्षकाला कळायला दुसरा मार्ग नाही. चार-पाच वेळा झाले की बोलणे थांबवून फक्त विचारायचे, 'शेवटची गाडी कोणत्या रंगाची होती?'

दुसरे, उत्तर देऊ नका. 'इथून ओलांडू नकोस, वळण आहे' असे म्हटले की मूल तुमचे ऐकते, जागा वाचायला शिकत नाही. 'इथून ओलांडायचे का? तुला किती लांबपर्यंत दिसतेय? तिकडून येणाऱ्याला तू दिसशील का?' असे विचारा. विशेषतः शेवटचा प्रश्न. 'मला गाडी दिसते म्हणजे गाडीवाल्याला मी दिसतो' असे लहान मुले धरून चालतात.

---

त्वरण

आठवी ते दहावीसाठी हा भौतिकशास्त्राचा विषय आहे, आणि विज्ञानाच्या तासाला घेता येतो. वेगळा तास मागण्याची गरज नाही.

साहित्य: ३० मीटरची टेप, खडू, स्टॉपवॉच, ३० सेंटिमीटरची पट्टी.

आधी पट्टी पडू द्यायची आणि चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिक्रियेला साधारण ०.१७ सेकंद लागले, २० वर पकडली तर ०.२०. मुले खूश होतात. मग त्याच मुलाला १०० मधून सात-सात वजा करत मोठ्याने मोजायला लावा आणि पट्टी पुन्हा सोडा. आकडा वाढतो, कित्येकदा पट्टी हातातून निसटूनच जाते. फोनवर बोलणाऱ्या चालकाबद्दल वेगळे भाषण लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करा. पट्टी पडणार हे मुलाला माहीत असते. चालकाला आधी धोका दिसायला हवा, मग ओळखायला, मग निर्णय, मग पाय ब्रेकवर. म्हणून हिशेबाला १.५ सेकंद धरतात.

आता मैदानावर. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, मंदन (वेग कमी होण्याचा दर) ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरून:

ताशी ३० किमी: ब्रेक लागेपर्यंत १२.५ मी., थांबायला आणखी ५ मी., एकूण १७.५ मी.
ताशी ५० किमी: २०.८ मी. आणि १३.८ मी., एकूण सुमारे ३४.६ मी.
ताशी ६० किमी: २५ मी. आणि १९.८ मी., एकूण सुमारे ४४.८ मी.

रेघा आखा आणि १७.५ मीटरच्या रेघेवर एका विद्यार्थ्याला उभे करा. ३० च्या वेगाची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबली. ५० च्या वेगाची गाडी तिथे पोचते तेव्हा चालकाचा ब्रेक अजून लागलेलाच नाही, कारण त्याची पहिली रेघ २०.८ वर आहे. म्हणजे ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. वेग दुप्पटसुद्धा नाही, पण परिणाम 'थोडा जास्त जोरात लागले' असा नसतो. हे मुलांना वहीत दिसत नाही, रेघेवर उभे राहिले की दिसते.

ओल्या रस्त्यासाठी मंदन ४ धरा. ५० ला एकूण अंतर ४५ मीटरच्या जवळ जाते. ही गणिते मुलांनाच करू द्या.

---

चौक

@त्वरण, याला जोडून वेग मोजण्याचा प्रयोगही घ्यावा. शाळेच्या आवारातून, कुंपणाच्या आतून. रस्त्यालगत ५० मीटर अंतरावर दोन खुणा ठरवा (दिव्याचा खांब, झाड). गाडी पहिल्या खुणेपासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद लागले ते मोजा. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. ६ सेकंद म्हणजे ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. बटण दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक झाली तर ५० च्या आसपास तीनेक किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून तीन जणांनी एकच गाडी मोजून मधला आकडा घ्यावा. पन्नासेक गाड्यांची नोंद झाली की संख्याशास्त्राचा धडाही होतो आणि रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयाला द्यायला पुरावाही तयार होतो.

पण या धाग्यात एक गोष्ट आत्ताच म्हणून ठेवतो. स्वीडनमध्ये स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात लहान मुलांचा रहदारीतला वावर अभ्यासून ठामपणे मांडले होते की लहान मूल रहदारीला साजेसे बनवता येत नाही, रहदारी मुलाला साजेशी बनवावी लागते. शिक्षणाचा वापर 'मुलाचीच चूक' म्हणण्यासाठी होऊ नये. शाळेसमोर वाहने ५० ने धावत असतील तर आधी तो वेग ३० वर आणायला हवा. उंचवटे, अरुंद केलेला रस्ता, उचललेले क्रॉसिंग. फाटकापाशी पालकांच्याच गाड्या मागे घेताना होणारी गर्दी हा तर पूर्णपणे शाळेच्या हातातला प्रश्न आहे. मुलांना सोडण्याची जागा फाटकापासून शंभर-दीडशे मीटर लांब ठरवा, तिथून चालत येऊ द्या.

---

पायवाट

@चौक, सहमत, पण 'आधी' हा शब्द मला मान्य नाही. रस्ता बदलायला दोन वर्षे लागतात आणि मूल उद्या सकाळी त्याच रस्त्याने येणार आहे. दोन्ही कामे एकत्र चालू द्या. सुरक्षित वाट निवडण्याच्या तासाला मुलांनी काढलेला नकाशा (कुठे फुटपाथ तुटतो, कुठे झाडामुळे दिसत नाही, कुठे गाड्या वळताना वेग कमी करत नाहीत) हाच तुमच्या अर्जाला जोडता येतो.

---

कडेचा_दगड

सँडेल्स यांच्या मुद्द्याला डोळ्यांच्या अभ्यासाचाही आधार आहे. जवळ येणारी वस्तू डोळ्यात मोठी मोठी होत जाते, त्यावरून वेगाचा अंदाज येतो. ही क्षमता प्राथमिक शाळेच्या वयात पूर्ण विकसित नसते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास दाखवले की ताशी ३२ किमीच्या वर वेगाने येणारी गाडी 'येते आहे' हेच या वयाच्या मुलांना खात्रीने कळेल असे धरता येत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. म्हणून लहान मुलांना 'गाडी किती वेगात आहे ते बघ' असे शिकवू नये. 'गाडी दिसते का? दिसते, तर ती जाईपर्यंत थांब' एवढेच. अंतराचा अंदाज घेऊन ओलांडणे दहाव्या वर्षानंतर.

त्याच्या सरावासाठी एक सुरेख पद्धत १९८४ मध्ये एडिंबरामध्ये लहान मुलांसाठी वापरली गेली. खऱ्या रस्त्यालगत, कुंपणाच्या आत, तेवढ्याच रुंदीचा खोटा रस्ता आखायचा. मूल खऱ्या रस्त्यावरची वाहने बघते आणि 'आता ओलांडता येईल' असे वाटले की खोटा रस्ता ओलांडते. पलीकडच्या रेघेवर पोचण्याआधी खऱ्या रस्त्यावरची गाडी समोरून गेली तर निर्णय चुकला. कुणाला इजा नाही, आणि चूक मुलाच्या डोळ्यांसमोर.

हिशेब असा. ७ मीटर रुंद रस्ता, मुलाची चाल सेकंदाला १ मीटर, म्हणजे ७ सेकंद. ५० च्या वेगाची गाडी तेवढ्यात ९७ मीटर येते. वर दोन सेकंद राखीव ठेवले तर गाडी १२५ मीटर लांब हवी. मुलांना ४० मीटरसुद्धा 'खूप लांब' वाटते. १२५ मीटरवर एखाद्या शिक्षकाला झेंडा घेऊन उभे केले तर ते अंतर डोळ्यात बसते.

---

साखळी_आणि_ब्रेक

सायकलवर येणाऱ्या मुलांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

मैदानावर पहिली तपासणी सायकलची. टायर अंगठ्याने दाबून जेमतेम दबला पाहिजे. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये, टेकत असेल तर तार ताणा किंवा ब्रेकचे रबर बदला. दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा, कारण कित्येक मुले फक्त मागचा वापरतात आणि पुढचा महिनोन्‌महिने तुटलेला असतो. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. 'वाढत्या अंगाची' मोठी सायकल हे मुलांच्या पडण्याचे मोठे कारण आहे.

हेल्मेट: कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटे एवढीच जागा, पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्ही आकारात, हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत घट्ट. डोके हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद, कारण आतला फोम एकदाच दबतो.

कौशल्यांत सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे सरळ रेषा न सोडता मागे वळून बघणे. ३० सेंटिमीटर रुंद, १० मीटर लांब पट्टा आखा. मूल पट्ट्यातून सायकल चालवते, मागे उभे शिक्षक बोटे वर करतात, मुलाने मान वळवून किती बोटे ते सांगायचे. बहुतेक मुलांची सायकल मान वळेल त्या बाजूला जाते, कारण मानेबरोबर खांदा वळतो आणि खांद्याबरोबर हँडल. 'हनुवटी खांद्याला लाव, कोपर ढिले ठेव' ही सूचना चालते. हे जमेपर्यंत हाताचा इशारा शिकवू नका. एका हाताने सायकल सांभाळणे ही पुढची पायरी.

त्यानंतर उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर, जमल्यास दीड मीटर अंतर, कारण दार अचानक उघडते.

---

चौक

सायकल आली की ट्रक-बसही आल्याच. शाळेच्या बसचा उपयोग करा. बस मैदानात, इंजिन बंद, चालक खाली. एकेक विद्यार्थी चालकाच्या जागेवर बसतो, बाकीचे शिक्षकांनी सांगितलेल्या जागी उभे राहतात: अगदी समोर, दोन्ही बाजूंना मागच्या चाकांपाशी, बरोबर मागे. बसलेल्याने आरशातून आणि काचेतून किती जण दिसतात ते मोजायचे. न दिसलेल्यांच्या पायांभोवती खडूने वर्तुळे काढा. शेवटी सगळ्यांनी खाली उतरून ती वर्तुळे पाहायची.

वळणारी मोठी गाडी हा वेगळा धडा. तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. कोपऱ्यावर थांबलेले मूल किंवा आतल्या बाजूला घुसलेला सायकलस्वार तिथेच चिरडला जातो. चालकाला बसवून बस हळू वळवा, मुले लांब दोरीमागे. वळणाच्या आतल्या कडेवर पाण्याने भरलेले कागदी पेले मांडून ठेवा. पुढचे चाक त्यांच्यापासून लांबून जाते आणि मागचे त्यांच्यावरून. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही, हा नियम त्यानंतर सांगायचा.

झेब्रा क्रॉसिंगचाही एक प्रकार शिकवा. दोन लेनच्या रस्त्यावर जवळच्या लेनमधली गाडी थांबते, हात करून जायला सांगते, मूल निघते आणि दुसऱ्या लेनमधली गाडी थांबलेल्या गाडीच्या आडून येते. थांबलेली गाडी दोघांचाही पडदा होते. म्हणून थांबलेल्या गाडीच्या बाहेरच्या कडेला पुन्हा थांबून डोकवायचे. पायवाट यांनी सांगितलेली दुसरी थांब इथेही तीच.

---

संध्याछाया

अंधाराबद्दल कुणी सांगेल का? हिवाळ्यात शिकवणीहून परतताना अंधार असतो. चमकदार पिवळे जॅकेट पुरेसे आहे का?

---

त्वरण

नाही. फ्लुरोसंट पिवळा-केशरी रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. दिवसा आणि संधिप्रकाशात तो उत्तम. रात्री हेडलाइटमध्ये तो साध्या फिक्या रंगासारखाच. रात्री परावर्तक पट्टी लागते, ती प्रकाश आला तिकडेच परत पाठवते. उलट दिवसा ती पट्टी करडी दिसते. म्हणजे दोन्ही हवे.

हेडलाइटच्या मंद झोतात (लो बीम) गडद कपड्यांतला माणूस साधारण २५ मीटरवर दिसतो. वर काढलेली ५० च्या वेगाची थांबण्याची रेघ ३४.६ वर होती. हे दोन आकडे शेजारी लिहा.

पट्टी कुठे लावायची तेही महत्त्वाचे. दप्तराच्या मध्यावर लावली तर चालकाला एक ठिपका दिसतो. घोट्यांना, गुडघ्यांना, मनगटांना लावली तर हलणारे ठिपके दिसतात आणि हा चालणारा माणूस आहे हे लगेच ओळखू येते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कपाळाशी धरून पाहा. हात लांब करून टॉर्च धरला तर पट्टी चमकत नाही आणि मुलांना प्रयोग फसला असे वाटते.

---

दहावी_ब

मोठ्या मुलांचे काय? अकरावी-बारावीत गाडी चालवायला शाळेनेच शिकवावे असे पालक म्हणतात. अपघातांचे भयानक फोटो दाखवावेत असेही म्हणतात.

---

कडेचा_दगड

दोन्हींना माझा विरोध आहे.

शाळेत वाहन चालवायला शिकवण्याचा आढावा कॉक्रेनने घेतला होता. अपघात कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि मुले परवाना मात्र लवकर काढतात असे दिसले. म्हणजे कमी वयाचे चालक रस्त्यावर वाढतात. निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याच्या प्रशिक्षणाबद्दल नॉर्वेत तर तरुण पुरुषांचे अपघात वाढल्याचे आढळले. हाताला कसब आले की आत्मविश्वास त्याहून जास्त येतो.

उपयोगी पडले आहे ते टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या परवान्याचे धोरण. न्यूझीलंडने ते १९८७ मध्ये आणले. सुरुवातीच्या काळात रात्री आणि समवयस्क मित्रांना घेऊन गाडी चालवायला बंदी. शाळेने यातले 'का' शिकवावे. किशोरवयीन चालकासोबत त्याच वयाचे प्रवासी असले की धोका वाढतो. तेव्हा मागे बसणाऱ्याला काय म्हणता येते याचा सराव घ्या. 'उतरव मला' हे मित्रांसमोर म्हणणे अवघड आहे. 'मला गाडी लागते, हळू घे', 'घरून फोन आलाय, इथेच उतरतो' अशी वाक्ये जोड्या करून प्रत्यक्ष म्हणवून घ्यावीत.

भयानक फोटोंनी वर्ग दोन मिनिटे गप्प होतो. ज्यांना धोका पत्करायची हौस आहे ते 'मला नाही होणार' म्हणून सोडून देतात, आणि घाबरट मुले आणखी घाबरतात. वर्गात कुणाच्या घरात अपघात झालेला असेल तर हा उघड क्रूरपणा आहे. भीतीबरोबर हातात धरता येईल अशी कृती नसेल तर ती वाया जाते.

सीटबेल्टसाठी फोटोपेक्षा हा हिशेब पाहा. ५० च्या वेगावरून ०.१ सेकंदात थांबणे म्हणजे गुरुत्वाच्या १४ पट. २० किलोचे मूल त्या क्षणी २८० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. मांडीवर घट्ट धरून ठेवू म्हणणाऱ्या पालकांना हा आकडा मुलांनीच नेऊन दाखवावा.

---

पायवाट

मूल्यमापनाबद्दल लिहायचे राहिले. लेखी परीक्षा नको. शिकवण्यापूर्वी एक आठवडा शाळा सुटताना दोन शिक्षकांनी फाटकासमोर उभे राहून, मुलांना न सांगता, प्रत्येक ओलांडणाऱ्यासाठी चार खुणा कराव्यात: कडेला थांबले का, दोन्हीकडे पाहिले का, चालत गेले की धावत, सरळ गेले की तिरके. मुलांची नावे लिहू नयेत. धोका दिसला तर अर्थातच नोंद सोडून मुलाला थांबवायचे. दोघांच्या नोंदी जुळत नसतील तर व्याख्या नीट ठरलेली नाही. उदा. 'थांबले' म्हणजे दोन्ही पाय एकदम स्थिर, नुसता वेग कमी करणे नव्हे.

शिकवून झाल्यावर पुन्हा तेच, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. दुसऱ्या फेरीत सुधारणा दिसते, तिसऱ्या फेरीत ती बरीच ओसरलेली असते. त्या वेळी नवा धडा नको, जुनाच सराव दोनदा घ्यावा.

---

संध्याछाया

एका मोठ्यामागे तीन मुले, तर साठ मुलांच्या वर्गाचे कसे जमवायचे?

---

पायवाट

साठ मुले म्हणजे वीस गट. चार पालक आठवड्यातून एक दिवस आले आणि प्रत्येकाने पाठोपाठ दोन गट घेतले, तर आठ गट होतात, म्हणजे अडीच आठवड्यांत एक फेरी. एका कौशल्याला चार फेऱ्या धरा, दहा आठवडे. शाळेच्या एका सत्रात एकच कौशल्य होईल, तिन्हींचा हट्ट धरू नका. पालकांना आधी अर्धा दिवस त्याच रस्त्यावर प्रशिक्षण द्या, जागा आधी ठरवून ठेवा, शाळेची लेखी परवानगी घ्या आणि पावसाच्या दिवशी सरळ रद्द करा. ज्या पालकाला मुलाचा हात ओढायची सवय आहे त्याला पहिल्या दिवशी निरीक्षक म्हणून उभे करा, गट दुसऱ्या आठवड्यापासून द्या.